मोल्सवर्थ मूळचे कुठले?

आमच्या घरी 'शब्दकोश' हा शब्द फारसा कुणी वापरत नसे. एखादा शब्द अडला की बाबा म्हणायचे, "मोल्सवर्थ काढ." मग कपाटाच्या सगळ्यात खालच्या खणातून तो जाडजूड ठोकळा दोन्ही हातांनी उचलून आणायचा आणि बाबांसमोर ठेवायचा. १९७५ साली पुण्यात निघालेलं ते पुनर्मुद्रण होतं. वनस्पती तुपाला जसं आपण डालडा म्हणतो, तसं शब्दकोशाला मोल्सवर्थ म्हणतात अशी माझी बरीच वर्षं समजूत होती. शाळेत एका मित्राला मी विचारलंही होतं, "तुमच्याकडे कुणाचा मोल्सवर्थ आहे?"

हे माणसाचं नाव आहे हे कळल्यावर बाबांनी त्याची फोडही करून दिली होती. मराठीत मोल म्हणजे किंमत, इंग्रजीत वर्थ म्हणजेही किंमत. तेव्हा हे दुप्पट किमतीचं पुस्तक आहे, जपून हाताळ! बाबा शाळामास्तर होते, असे विनोद त्यांना सुचायचेच.

बाबा गेले आणि पुस्तक माझ्याकडे आलं. मध्यंतरी एका रात्री झोप येत नव्हती म्हणून ते चाळत बसलो होतो. कोणता तरी शब्द शोधता शोधता पहिल्या पानावर आलो आणि मनात आलं, हा मोल्सवर्थ मूळचा कुठला? आपल्याकडे नवीन माणूस भेटला की चहा येण्याआधी हा प्रश्न येतो. "आडनाव काय? अच्छा, मग मूळचे कुठले?" ज्या माणसाचं नाव घरात रोज घेतलं जायचं, त्याला हे विचारायचं मात्र राहूनच गेलं होतं. म्हणून शोधायला लागलो. हाती जे लागलं ते सांगतो.

मोल्सवर्थ हे खरोखरच एका गावाचं नाव आहे. पूर्व इंग्लंडमध्ये हंटिंग्डनशायर नावाचा एक छोटा परगणा होता, १९७४ पासून तो केंब्रिजशायरमध्ये धरला जातो. तिथलं हे अगदी लहान खेडं. इंग्लंड जिंकल्यावर विल्यम राजाने १०८६ साली सगळ्या मुलखाची जी मोजदाद करवली, त्या डूम्सडे बुकात हे गाव 'मोल्सवर्ड'सारख्या स्पेलिंगने नोंदलेलं आहे. म्हणजे गाव त्याआधीचं, सॅक्सन काळातलं.

आणि बाबांची फोड दोन्ही बाजूंनी चुकली! यातला 'वर्थ' किमतीचा नव्हे. जुन्या इंग्रजीत उच्चाराने जवळजवळ असाच दुसरा एक शब्द होता, त्याचा अर्थ कुंपण घातलेली जागा, आवार. आपण वाडी म्हणतो तसंच काहीसं. टॅमवर्थ, वाँड्सवर्थ, केनिलवर्थ या गावांच्या नावांतला वर्थही तोच. आणि 'मोल्स' म्हणजे 'मूल' नावाच्या माणसाचं. मूल हे सॅक्सन लोकांत माणसाचं नाव असे, सातव्या शतकात केंट प्रांतात या नावाचा एक राजाही होऊन गेला. तेव्हा मोल्सवर्थ म्हणजे 'मूलची वाडी'. कुणी एक मूल होता, त्याने तिथे कुंपण घातलं. त्याच्याबद्दल याहून जास्त काही सांगता येत नाही. हजार-बाराशे वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्याच्या कुंपणाचं नाव आमच्या कपाटात होतं, एवढंच मला रात्री दोन वाजता पुरेसं वाटलं.

पण गावाचं नाव माणसाला कसं चिकटलं? इंग्लंडमध्ये आडनावं साधारण बाराव्या ते चौदाव्या शतकात पक्की होत गेली. आधी जमीनदारांची, मग हळूहळू साध्या माणसांची. काही आडनावं धंद्यावरून आली, काही बापाच्या नावावरून, काही रंगारूपावरून आणि पुष्कळशी गावावरून. सुरुवातीला नाव आणि गाव यांच्यामध्ये 'द' लागायचा, म्हणजे 'अमक्या गावचा'. आपला 'कर' शेवटी येतो, त्यांचा 'द' मध्ये यायचा आणि पुढे तो गळून गेला. वंशावळींच्या पुस्तकांत या घराण्याचा मूळपुरुष म्हणून सर वॉल्टर द मोल्सवर्थ हे नाव येतं. पहिल्या एडवर्डबरोबर तो तेराव्या शतकात धर्मयुद्धाला गेला होता, असं ही पुस्तकं सांगतात.

यात एक गंमत आहे आणि ती आपल्याला चटकन कळते. गावावरून पडलेलं आडनाव सहसा गाव सोडल्यावर पडतं. मोल्सवर्थ गावात राहणाऱ्याला मोल्सवर्थ म्हणून काय उपयोग? तिथे सगळेच मोल्सवर्थचे. तो दुसऱ्या गावी गेला, तिथे आणखी एक वॉल्टर किंवा जॉन निघाला, की मग लोक म्हणणार, "कोणता जॉन? तो मोल्सवर्थचा." आडनाव म्हणजे एक प्रकारे गाव सोडल्याचा दाखलाच. म्हणून अशा आडनावाचा नकाशा काढायला बसलं तर मुळाशी गाव सापडतं आणि माणसं सापडतात ती भोवतालच्या मुलखात.

असे नकाशे इंग्लंडमध्ये काढता येतात, कारण तिथे कागद टिकले आहेत. १३७७ ते १३८१ या काळात तीन वेळा डोईपट्टी बसली, तिच्या याद्या आहेत. १५३८ साली थॉमस क्रॉमवेलने प्रत्येक चर्चला बारसं, लग्न आणि दफन यांची वही ठेवायला लावली. १८३७ पासून सरकारी जन्ममृत्यू नोंदणी सुरू झाली. आणि १८८१ च्या जनगणनेतलं प्रत्येक नाव हौशी स्वयंसेवकांनी अनेक वर्षं खपून उतरवून काढलं, त्यामुळे कोणतं आडनाव तेव्हा कोणत्या परगण्यात होतं ते आज घरबसल्या बघता येतं. यातून दिसतं ते असं की पुष्कळ आडनावं पाचशे वर्षांनंतरही आपल्या मूळ गावापासून फार लांब गेलेली नसतात. गुरं दोरीच्या टप्प्यात चरतात तशी.

मग काही आडनावं ढिगाने आणि काही दुर्मिळ, असं का? एक साधं कारण म्हणजे लोहाराला स्मिथ म्हणतात आणि लोहार गावोगाव होते, तेव्हा स्मिथ हजार ठिकाणी स्वतंत्रपणे उगवले. मोल्सवर्थ नावाचं गाव एकच, तेही चिमुकलं. तिथून बाहेर पडणारी माणसं ती किती असणार?

दुसरं कारण निव्वळ नशिबाचं. फ्रान्सिस गॉल्टनने १८७३ साली हा प्रश्न गणित म्हणून जाहीरपणे विचारला आणि हेन्री वॉटसन नावाच्या पाद्रीबुवांनी तो सोडवायला घेतला. दर पिढीत काहींना मुलगा होतच नाही, काहींना एक होतो, काहींना चार. आडनाव बापाकडून मुलाकडे जातं, मुलगी लग्न करून दुसऱ्याचं घेते. आता ज्या आडनावाचे दोन-चारच पुरुष आहेत, त्याला एखादी वाईट पिढी पुरते. साथ आली, लढाई झाली किंवा नुसत्या मुलीच झाल्या की नाव संपलं. माणसं असतात, रक्त पुढे जातं, फक्त नाव बुडतं. मध्ययुगात असलेली कितीतरी इंग्रजी आडनावं अशीच बुडाली.

जी दुर्मिळ आडनावं तगली ती मात्र संशोधकांना फार बोलकी वाटतात. बापाकडून मुलाकडे आडनावासारखंच वाय गुणसूत्रही जातं. ऑक्सफर्डच्या ब्रायन साइक्स यांनी २००० साली आपल्याच आडनावाच्या ४८ पुरुषांचं वाय गुणसूत्र तपासलं, तर जवळजवळ निम्म्यांचं एकसारखं निघालं. पुढे २००९ साली लेस्टर विद्यापीठातल्या टूरी किंग आणि मार्क जॉबलिंग यांनी ४० आडनावांचे सोळाशेहून जास्त पुरुष तपासले. स्मिथसारख्या नावात काहीच नातं दिसेना, पण आडनाव जितकं विरळ तितकी त्यातली माणसं एकाच पूर्वजाची असण्याची शक्यता जास्त, असं त्यांना आढळलं. अर्थात यात दत्तक असतात, आईचं नाव लावणारे असतात आणि चारचौघांत न बोलण्याच्या गोष्टीही असतात. त्यामुळे आडनाव एक म्हणजे रक्त एकच असं छातीठोकपणे कुणी म्हणू नये.

मोल्सवर्थांचं नाव मात्र तगलं. हंटिंग्डनशायरच्या शेजारी नॉर्दम्प्टनशायर आहे, तिथे हे घराणं स्थिरावलं आणि तिथून त्याला दोन लांब फांद्या फुटल्या.

पहिली गेली पार नैर्ऋत्य टोकाला, कॉर्नवॉलमध्ये. पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळात जॉन मोल्सवर्थ हा डची ऑफ कॉर्नवॉलचा हिशेबतपासनीस म्हणून तिकडे गेला आणि तिथलाच झाला. पेनकॅरो ही त्यांची हवेली. १६८९ साली या शाखेला बॅरोनेट हा किताब मिळाला. दुसरी फांदी समुद्र ओलांडून आयर्लंडला गेली. क्रॉमवेलच्या सैन्याला माल पुरवून रॉबर्ट मोल्सवर्थ नावाच्या माणसाने डब्लिनमध्ये पैसा केला. १६५६ साली तो वारला आणि त्याच साली त्याचा मुलगा जन्मला. गॉल्टनसाहेबांचं गणित आठवा, एका शाखेचं नाव तेव्हा त्या एका तान्ह्या जिवावर टेकलेलं होतं!

त्या मुलाचंही नाव रॉबर्टच. तो मोठा झाला, डेन्मार्कच्या दरबारी वकील म्हणून राहिला आणि परत येऊन राजाच्या हाती अमर्याद सत्ता गेली की देशाचं काय होतं यावर डेन्मार्कचं उदाहरण देऊन एक पुस्तक लिहिलं. १६९४ सालचं ते पुस्तक युरोपभर गाजलं. १७१६ साली तो व्हायकाउंट झाला. साउथ सी कंपनीचा फुगा १७२० मध्ये फुटून लोक धुळीला मिळाले, तेव्हा हेच गृहस्थ पार्लमेंटमध्ये म्हणाले की बाप मारणाऱ्याला रोमन लोक पोत्यात शिवून नदीत टाकत, कंपनीच्या संचालकांना तीच शिक्षा द्या.

कॉर्नवॉलच्या शाखेत सर विल्यम मोल्सवर्थ (१८१० ते १८५५) झाला. त्याने हॉब्ज या तत्त्वज्ञाचं समग्र साहित्य संपादून छापलं. कैद्यांना जहाजात भरून ऑस्ट्रेलियाला पाठवण्याच्या पद्धतीची चौकशी करणारी समिती १८३७-३८ मध्ये त्याच्याच अध्यक्षतेखाली बसली आणि १८४० मध्ये न्यू साउथ वेल्सला कैदी पाठवणं थांबलं. १८५५ मध्ये तो वसाहतमंत्री झाला आणि तीन-चार महिन्यांतच वारला. मूलबाळ नव्हतं, किताब चुलतभावाकडे गेला. पुढे लग्नसंबंधातून ही हवेली ज्यांच्याकडे आली ते आज मोल्सवर्थ-सेंट ऑबिन असं जोडआडनाव लावतात. बुडू पाहणाऱ्या नावाला दुसऱ्या नावाला बांधून तरंगवण्याचा हा इंग्रजी उपाय.

नकाशा आता इंग्लंडबाहेर पसरतो. सर विल्यमचा भाऊ फ्रान्सिस १८४० साली वसाहत करायला न्यूझीलंडला गेला. वेलिंग्टनमध्ये न्यूझीलंडचं पार्लमेंट ज्या रस्त्यावर उभं आहे, त्याचं नाव मोल्सवर्थ स्ट्रीट. आणि डब्लिनमध्ये आयर्लंडचं पार्लमेंट जिथे भरतं त्या लेन्स्टर हाउसच्या बरोबर समोर जो रस्ता येऊन मिळतो, तोही मोल्सवर्थ स्ट्रीट! एका खेड्याचं नाव दोन देशांच्या पार्लमेंटांच्या दारात आहे. न्यूझीलंडमधलं सगळ्यात मोठं गुरांचं फार्म, सुमारे १,८०,००० हेक्टरांचं, मोल्सवर्थ स्टेशन म्हणून ओळखलं जातं. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्यात मोल्सवर्थ नावाचं गाव आहे, टास्मानियातही आहे. माणसांच्या नावाला आलेलं गाव पुन्हा गावांच्या नावात गेलं, फक्त पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला.

नाव पसरायला रक्तच लागतं असंही नाही. इंग्रजी बालसाहित्यात 'मिसेस मोल्सवर्थ' फार लाडक्या होत्या, त्यांचं 'द कुकू क्लॉक' १८७७ चं. त्यांचं माहेरचं आडनाव स्ट्युअर्ट. नवऱ्यापासून त्या पुढे वेगळ्या झाल्या, पण पुस्तकांवर नाव राहिलं ते नवऱ्याचं. आणि १९५३ पासून इंग्लंडच्या दोन पिढ्यांना मोल्सवर्थ म्हटलं की आठवायचा तो नायजेल मोल्सवर्थ, जेफ्री विलन्सने लिहिलेला आणि रोनाल्ड सर्लने चितारलेला, भयंकर स्पेलिंगं करणारा शाळकरी पोरगा. तो तर जन्मलाच नव्हता!

मूळ गावाचं काय झालं? तिथे दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन बाँबर विमानांचा तळ झाला. १९८० च्या दशकात तिथे अण्वस्त्रं वाहणारी क्रूझ क्षेपणास्त्रं ठेवायचं ठरलं, म्हणून शांततावादी मंडळी कुंपणापाशी तंबू ठोकून बसली. फेब्रुवारी १९८५ मध्ये संरक्षणमंत्री मायकेल हेझल्टाइन स्वतः आले आणि शेकडो सैनिक आणि पोलिसांनी रातोरात ती जागा रिकामी करून सभोवार तारेचं कुंपण घातलं. क्षेपणास्त्रं १९८७ च्या करारानंतर गेली. मूलने जिथे पहिलं कुंपण घातलं तिथेच बाराशे वर्षांनी हे दुसरं.

आता आपला मोल्सवर्थ. जेम्स टॉमस मोल्सवर्थ, जन्म १७९५, मृत्यू १८७१. कोवळ्या वयात तो ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेत आला. १८३१ साली मुंबई सरकारसाठी केलेला मराठी-इंग्रजी कोश छापून निघाला, तेव्हा तो कॅप्टन होता. मदतीला टॉमस आणि जॉर्ज कँडी हे दोघे भाऊ, तेही फौजेतलेच. यातल्या टॉमस कँडीने पुढे मराठीत विरामचिन्हं रुळवली. १८५७ साली कोशाची वाढवलेली दुसरी आवृत्ती आली. बाबांच्या कपाटात होती ती हीच आणि आज शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शोधता येते तीही हीच. त्यानंतर मराठीत किती कोश झाले, पण जुन्या पोथीतला शब्द अडला की माणूस अजून मोल्सवर्थकडेच जातो. त्याचं नाव आपण मोल्सवर्थ, मोलस्वर्थ, मोलेस्वर्थ असं हवं तसं लिहितो आणि ते आता आपल्याच भाषेतल्या वस्तूचं नाव झालंय. दुर्मिळ इंग्रजी आडनाव, पण मराठी घरांत अगदी ओळखीचं.

इथपर्यंत आलो आणि मला वाटलं, झाला लेख. पण पुस्तक मिटताना पहिल्या पानाकडे पुन्हा नजर गेली. हजारो शब्द, म्हणी, शिव्या, शेतीतले, स्वैपाकातले, देवळातले शब्द. हे एका कॅप्टनला कोणी सांगितले? पंडितांची एक मंडळी त्याच्या हाताखाली काम करत होती. त्यांच्यामागे कितीतरी कुणबी, कोळी, सुतार आणि बायाबापड्या असणार, ज्यांच्या तोंडचे ते शब्द. मुखपृष्ठावर यांतलं कुणी नाही. मोल्सवर्थचं श्रेय मला मुळीच कमी करायचं नाही, असलं काम करायला आयुष्य लागतं. पण मोल्सवर्थ मूळचा कुठला हे मी एका रात्रीत डूम्सडे बुकापर्यंत मागे जाऊन शोधू शकलो, कारण त्याचं नाव पुस्तकावर होतं. त्या पंडितांना मूळचे कुठले म्हणून विचारायचं, तर हाक कोणत्या नावाने मारायची?

बाबांच्या त्या प्रतीत समासात जागोजागी पेन्सिलीच्या नोंदी आहेत. कोशात न सापडलेले, आमच्या गावाकडचे शब्द ते त्या त्या पानावर लिहून ठेवायचे. लहानपणी मला ती पुस्तक खराब करण्याची सवय वाटायची. त्या रात्री नीट वाचल्या. प्रत्येक शब्दापुढे अर्थ आहे आणि अर्थापुढे बारीक अक्षरात, हा शब्द कुणाकडून ऐकला ते. आत्या. वरच्या आळीचे सुतार. दळण घेऊन यायच्या त्या आजी.

यांचा नकाशा कुणी काढणार नाही. पण नावं आहेत, पेन्सिलीने का होईना. ती पुसट व्हायच्या आत एका वहीत उतरवून काढायची ठरवलंय. कालपर्यंत 'क'पाशी पोचलो.